पुणतांब्याचे अण्णा आणि जॅझ



शिर्डीत मंदिराच्या आसपास फिरताना हार-प्रसादाच्या एखाद्या दुकानातून मोहम्मद रफींची ती कव्वाली कानावर येतेच. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधली, 'शिर्डीवाले साईबाबा'. याच सिनेमात आणखी एक गाणं आहे, 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस'. अनेकांना वाटतं, हे नाव कुणीतरी सहज रचलं असेल. पण अँथनी गोन्साल्विस हे खरेखुरे गृहस्थ होते. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, मुंबईच्या सिनेसंगीतातले नामांकित व्हायोलिनवादक आणि वाद्यमेळाचे रचनाकार. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. आपल्या गुरूंचं नाव त्यांनी त्या गाण्यात कायमचं ठेवलं. गाणं देशभर गेलं, पण नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक झाला.

आज मला बोलायचं आहे ते जॅझच्या, सगळ्यांना ओळखता येणाऱ्या चालींविषयी. आणि त्या चालींमागच्या अशाच माणसांविषयी.

जॅझ म्हटलं की आपल्याकडे अनेकजण म्हणतात, ते आपलं नाही, आपल्याला त्यातलं कळत नाही. पण 'पिंक पँथर'ची धून लावा, घरातलं लहान मूलही ओळखतं. हेन्री मॅन्सिनी यांची ती 1963 ची रचना. दबकत येणारा तो सॅक्सोफोन जॅझचाच. ग्लेन मिलर यांच्या वाद्यवृंदानं 1939 मध्ये गाजवलेलं 'इन द मूड' पुष्कळांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. 1959 चं 'टेक फाइव्ह' घ्या. वाजवलं डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीनं, रचना सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंड यांची. पाच मात्रांचं आवर्तन, तीन आणि दोन अशी विभागणी. झपतालातले दोन-तीनचे खंड ज्याच्या कानात बसले आहेत, त्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

जॅझमध्ये ओळखीच्या चालीला फार महत्त्व आहे. ख्याल गाणारा बंदिश मांडतो आणि मग बढत करतो. जॅझचा वादकही आधी चाल सरळ वाजवून दाखवतो आणि मग तिच्यातून स्वतःचं काही काढत जातो. ख्याल रागाच्या अंगानं वाढतो, जॅझ स्वरमेळांच्या क्रमावर. ऐकणाऱ्याला मूळ चाल पाठ असेल, तरच वादकानं तिचं काय केलं हे त्याला कळणार. म्हणून न्यू ऑर्लिन्समधल्या सुरुवातीपासून आजपर्यंत जॅझवाले सगळ्यांना माहीत असलेल्या चाली पुन्हा पुन्हा वाजवत आले आहेत.

आता आपल्या घराकडे येतो. 'गोरे गोरे ओ बांके छोरे', 'शोला जो भडके', 'ईना मीना डीका'. या चाली न ओळखणारा माणूस आपल्या जिल्ह्यात मला तरी भेटलेला नाही. या तिन्हींचे संगीतकार एकच: सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, सिनेसृष्टीचे अण्णा. त्यांचा जन्म 12 जानेवारी 1918 चा, पुणतांब्याचा. चांगदेवांच्या समाधीचं, गोदावरीकाठचं पुणतांबे. शिर्डीला येणारी रेल्वे मुख्य मार्गावरून जिथून फुटते, तेच. देशभरातून भाविक गाडीनं या गावावरून जातात, आणि हिंदी सिनेमाला जॅझच्या झोक्यावर नाचायला लावणारा माणूस इथला, हे त्यांना कुणी सांगत नाही. मला याची फार खंत वाटते.

अण्णांची तालीम शास्त्रीय. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली ते शिकले. नट व्हायला सिनेमात गेले, मग हार्मोनियमची साथ करत संगीतकार झाले. या माणसाला जॅझ कुठे भेटला? मुंबईत, आणि तोही गोवेकरांच्या हातून.

1935 मध्ये लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड यांच्या वृंदात गोव्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवत. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. त्यामुळे मुंबईला आलेला गोवेकर तरुण कागदावरचे स्वर बघताच वाजवू शके. हल्दोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ असेच आले. ट्रम्पेट हातात घेतल्यावर ते 'चिक चॉकलेट' झाले, आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

पुढे 1949 मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, वादकांची कामं आटली. त्यांनी आपली वाद्यं उचलली आणि सिनेमाच्या स्टुडिओंची वाट धरली. तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगे. ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्यानं कुठे शिरायचं, पाठीमागे कोणते स्वरमेळ ठेवायचे, हे गोवेकर साहाय्यक ठरवी. अण्णांबरोबर चिक चॉकलेट होते. 'अलबेला' या सिनेमात ते आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. कावस लॉर्ड या पारशी वादकानं बोंगोसारखी लॅटिन अमेरिकेतली तालवाद्यं सिनेसंगीतात रुजवली. एका खोलीत पुणतांब्याचा ब्राह्मण, हल्दोण्याचा ख्रिश्चन, मुंबईचा पारशी! आणि वाजवायचे काय, तर अटलांटिकपलीकडल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेली लय.

या गाण्यांना जॅझ म्हणायचं का? माझं मत सांगतो. पूर्ण अर्थानं नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत वादकाला मोकळं सोडायला जागाच नव्हती. जॅझचा प्राण जी उत्स्फूर्त बढत, ती दाराबाहेर राहिली. आत आला तो त्याचा झोका, पितळी वाद्यांचा रंग आणि बोलांची मौज. 'गोरे गोरे' 1950 च्या 'समाधी'तलं. त्याची चाल 1945 च्या एका अमेरिकी चित्रपटगीतावर बेतलेली आहे, हे दोन्ही ऐकणाऱ्याला लगेच कळतं. 1957 च्या 'आशा'मधल्या 'ईना मीना डीका'त निरर्थक बोलांचा धबधबा आहे, कोकणीचे तुकडेसुद्धा आहेत. लुई आर्मस्ट्राँग यांनी 1926 मध्ये 'हीबी जीबीज'मध्ये असे बोल गायले आणि ती जॅझची एक रीतच झाली. आपल्याकडे तराणा होताच, त्यामुळे आपल्या कानाला ते परकं वाटलं नाही.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1951 च्या 'अलबेला'मधलं 'शोला जो भडके'. पडद्यावर नाचणाऱ्या भगवानदादांचं ते झुलणं कुणीही करू शकतं, म्हणून ते सगळ्यांचं झालं. लताबाईंच्या बरोबर चितळकर हे नाव लावून अण्णा स्वतः गायले आहेत. त्याच 'अलबेला'त 'धीरे से आजा री अखियन में' ही पिलूच्या अंगाची अंगाई आहे. एकाच सिनेमात बोंगो आणि पिलू, आणि दोन्हींत अण्णांचा हात सारखाच सहज! पुढे 1963 मध्ये 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चाल बांधणारेही तेच, आणि 1970 च्या 'घरकुल'मधलं 'पप्पा सांगा कुणाचे' मराठी घराघरांत पोचवणारेही तेच.

या चाली खेड्यापाड्यांत पोचल्या त्या रेडिओमुळे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ नाहीशी झाली. शास्त्रीय संगीताबद्दलची त्यांची तळमळ खरी होती. पण लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि चिक चॉकलेटच्या संगतीत घडलेल्या चाली कोलंबोहून फिरून आपल्या गावांत आल्या. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, तेव्हा कुठे हा वळसा संपला.

तबकडीवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे. ट्रम्पेट कुणी वाजवला, वाद्यमेळ कुणी लिहिला, हे छापत नसत. नरेश फर्नांडिस यांनी 2012 मध्ये 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मुंबईच्या जॅझवाल्यांचा इतिहास मांडला, तेव्हा यातली बरीच नावं उजेडात आली. आपल्या शाळांतल्या संगीत शिक्षकांनी ही नावं मुलांना सांगावीत, अण्णांचं 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र गावोगावच्या वाचनालयांत असावं, असं मला मनापासून वाटतं.

या भाषणानंतर 'शोला जो भडके' लागणार आहे. शब्द तुम्हाला पाठच आहेत. या वेळी दोन कडव्यांच्या मधला वाद्यमेळ लक्ष देऊन ऐका.