गाडी धुण्याचा फिरता धंदा
(डोलवी येथे प्रौढ वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आम्ही गाड्या धुण्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गाडी धुवायला अक्कल ती काय लागते? बादली घ्यावी, फडका घ्यावा, झाले काम. स्कूटरचे तसे असेल. दहा चाकी ट्रकचे तसे नाही. लांब ट्रेलरचे तर नाहीच नाही.

डोलवीच्या माणसाला मोठी गाडी दाखवायला नको. आपल्या दारावरून मुंबई-गोवा रस्ता जातो. पूर्वी त्याचा नंबर १७ होता, आता ६६ आहे. इथला पोलादाचा कारखाना पूर्वी इस्पात कंपनीचा होता. २०१० साली तो जे.एस.डब्ल्यू.कडे गेला. धरमतरच्या खाडीतून बार्जने खनिज येते, कोळसा येतो. पोलादाची भली मोठी गुंडाळी ट्रेलरवर चढून बाहेर जाते. सिमेंटचे बल्कर जातात. रोह्याकडून, धाटावच्या कारखान्यांतून रसायनांचे टँकर येतात. या सर्व गाड्यांवर धूळ बसते. कोणावर तांबडी, कोणावर काळी, कोणावर पांढरी.

आता ही गाडी धुवायला कुठे न्यायची? नाक्यावरच्या लहान वॉशिंग सेंटरमध्ये ट्रेलर वळत नाही. शिवाय ड्रायव्हरला वेळ नसतो. पण तीच गाडी माल भरण्यासाठी नंबर लागेपर्यंत तासन् तास उभी असते. म्हणून गाडी पाण्याकडे नेण्याऐवजी पाणी गाडीकडे न्यावे, हे सोपे. लहान टेंपो, त्यावर टाकी, पेट्रोलवर चालणारा दाबाचा पंप, लांब पाइप, ब्रश, साबण आणि दोन माणसे. एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. कैक ठिकाणी राहिला आहे.

मालक पैसे देतो ते गाडी देखणी दिसावी म्हणून नव्हे. चिखल चेसीला चिकटला की ओल धरून ठेवतो आणि लोखंड गंजते. चिखलाखाली पाट्याला गेलेली चीर दिसत नाही, गळणारे तेल दिसत नाही, ढिला झालेला नट दिसत नाही. मागचा दिवा आणि चमकणारी पट्टी चिखलाने माखली, तर पावसाळी रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला उभा ट्रक दिसत नाही. मग काय होते ते या रस्त्यावर राहणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. म्हणून वेळ कमी असेल तर केबिन पुसायची राहू द्या. दिवे, नंबरची पाटी आणि पट्ट्या आधी धुवा.

आता पाणी. आपण खारेपाटातली माणसे. पाणी चहूकडे, पण त्यातले गोडे किती? उन्हाळ्यात बायामाणसे हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. असल्या मुलखात गाड्या धुण्याचा धंदा काढायचा, तर पाण्याचा विचार पैशाच्या आधी केला पाहिजे. काही जण म्हणतात, खाडी जवळ आहे, पंप लावू या. अजिबात लावू नका. खारे पाणी सुकते, पण मीठ मागे राहते. ते सांध्यांत, नटबोल्टांत, पत्र्याच्या दुमडीत बसते आणि गंज दुप्पट जोराने चढतो. विहिरीचे पाणी मचूळ असेल तरी तेच. पाणी जिभेला खारट लागले तर ते गाडीला घालू नये.

गोडे पाणी आणायचे, तर मोजून वापरायचे. माप घेण्याची रीत सोपी आहे. पंधरा लिटरची बादली घ्या. पाइप त्यात सोडा आणि घड्याळ पाहा. समजा, साध्या उघड्या पाइपने बादली २० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला तीन बादल्या, ४५ लिटर. ट्रक धुवायला अर्धा तास लागला तर १,३५० लिटर गेले. आता दाबाच्या पंपाने तीच बादली समजा दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला १० लिटर, अर्ध्या तासाला ३००. पाणी कमी, जोर जास्त. तुमच्या पंपाचा आकडा वेगळा येईल. तो तुम्ही स्वतः काढा. दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका.

पाण्याला वजन असते हेही विसरू नये. एक लिटर म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी भरली की एक टन झाला. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो तो टेंपो पाऊण टनाच्या आसपास माल नेतो. त्यावर हजार लिटरची टाकी ठेवली तर वळणावर टेंपो कलंडेल, ब्रेक धरणार नाहीत. पाचशे लिटरची टाकी, पंप आणि दोन माणसे, एवढेच ओझे बरे.

पाणी वाचवायचे तर कोरडे काम आधी करावे. खराट्याने हौदा झाडावा. फाळक्याच्या खाचा, पाट्यांमधला चिखल लाकडी पट्टीने खरवडून गोणपाटावर घ्यावा. नाका-तोंडाला फडके घट्ट बांधावे, नाहीतर कोळसा छातीत जातो. फडक्यापेक्षा मास्क चांगला. सिमेंटच्या गाडीला तर कोरडा ब्रश मारल्याशिवाय पाणी लावूच नये. सिमेंटला पाणी मिळाले की ते काय करते? घट्ट होते. मग ते पत्र्यावर दगडासारखे बसते आणि माणूस ॲसिडची बाटली शोधू लागतो.

या ॲसिडविषयी आम्ही थोडे थांबून बोलणार आहोत. ज्यासाठी तुम्ही अक्षरे शिकलात, त्यांतले हे एक काम आहे. बाजारात 'ट्रक चमकवण्याचे पाणी' म्हणून कॅन मिळतात. काही साध्या साबणाचे असतात. काहींत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, काहींत हायड्रोफ्लोरिक. हे दुसरे फार वाईट. अंगावर पडले तर कधी कधी लगेच आग होत नाही. काही तासांनी दुखू लागते, तोवर ते मांसातून हाडापर्यंत पोचलेले असते. तेव्हा कॅनवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. चिठ्ठी इंग्रजीत असेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. चिठ्ठीच नसेल, किंवा हातावर थेंब पडून हात खाल्ला जातो आहे असे चित्र असेल, तर कॅन परत करा. ज्याला कामावर ठेवाल त्या पोराच्या हातीही देऊ नका. चुकून अंगावर सांडलेच, तर कपडे काढून भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. चिठ्ठी किंवा तिचा फोटो बरोबर न्यावा. डॉक्टरला नाव कळले पाहिजे. ट्रकला साधा वाहन धुण्याचा साबण पुरतो. थोडा वेळ लागू द्यावा, घासावे, सावलीत काम करावे म्हणजे साबण पत्र्यावर सुकत नाही.

दाबाच्या पाण्यालाही जपावे. ती धार कातडी फोडून आत शिरते. चेष्टेनेसुद्धा माणसावर धरू नये. बॅटरी, वायरिंग, रेडिएटरच्या जाळ्या आणि चाकाच्या तुंब्यावर धार जवळून मारू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, तडा जातो. गाडी धुऊन झाली की ड्रायव्हरला सांगा, मोठ्या रस्त्याला लागण्याआधी सावकाश चालवून चार वेळा ब्रेक दाब. भिजलेले ब्रेक लगेच धरत नाहीत.

आणि टँकर. टँकर बाहेरून धुवा. आत उतरण्याचे काम कोणी कितीही पैसे दिले तरी घेऊ नका. रिकाम्या टाकीत वायू राहतो. त्याला कधी वास असतो, कधी नसतो. एक उतरतो तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. ते काम त्यासाठी शिकलेल्या, साधने असलेल्या माणसांचे आहे.

धुतलेले पाणी कुठे जाते? त्यात तेल असते, ग्रीस असते, खनिजाची भुकटी असते. रस्त्याच्या कडेला सोडले तर ते नाल्यात जाते, नाल्यातून अंबा नदीत आणि खाडीत. भरतीबरोबर तेच उघाडीच्या तोंडाशी परत येते. आपली भातशेती तिथे, आपला जिताडा तिथे. तेलाचा वास लागलेला जिताडा बाजारात कोण घेईल? शिवाय नदी-नाल्यात अशी घाण सोडायला १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याने मनाई आहे. तेव्हा जिथे नेहमी गाड्या धुवायच्या तिथे उताराला सिमेंटचा दोन खणांचा खड्डा करून घ्यावा. पहिल्या खणात गाळ खाली बसतो, तेल वर तरंगते. दोन खणांमधला पाइप मधल्या उंचीवर घ्यावा आणि पहिल्या खणात त्याचे तोंड खाली वाकवावे. म्हणजे वरचे तेल मागेच राहते आणि मधले निवळलेले पाणी पुढे जाते. ते पाणी दुसऱ्या दिवशी टायरांवर पहिला हात मारायला चालते. तेल काढून पिंपात ठेवावे आणि परवाना असलेल्या जळके तेल घेणाऱ्याला द्यावे.

कोणी विचारील, फिरत्या धंद्यात खड्डा कसा करणार? हाच प्रश्न आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला पडला होता. त्याला टेंपो घ्यायचा होता. आम्ही म्हटले, आधी पाटीवर हिशेब मांड. आकडे धरून चाललेले होते, पण रीत पाहा.

समजा रस्त्यावर फिरून दिवसात चार ट्रक मिळाले. ट्रकला ५०० रुपये, म्हणजे २,००० आले. टेंपोचे डिझेल ४००, पाणी ३००, साबण १५०, पंपाचे पेट्रोल २००, मदतनिसाची मजुरी ६००. खर्च झाला १,६५०. उरले ३५०. यातून टेंपोचा हप्ता द्यायचा, टायर घ्यायचे, पंप बिघडला तर तो दुरुस्त करायचा आणि घरही चालवायचे. संध्याकाळी खिशात २,००० पाहून जो खूश होतो, तो चार महिन्यांत टेंपो विकतो.

आता समजा एका ट्रकमालकाशी बोलणे केले. त्याच्या गाड्या एकाच आवारात उभ्या राहतात. तिथे रोज सहा धुवायच्या. ३,००० आले. फिरणे कमी, म्हणून डिझेल २००. पाणी ४५०, साबण २२५, पेट्रोल ३००, मजुरी तीच ६००. खर्च १,७७५, उरले १,२२५. सहा गाड्यांना १,८०० लिटर पाणी लागेल. ते टेंपोवर चार खेपांत आणण्यापेक्षा आवारात टाकी बसवून मागावी. खड्डाही तिथेच होतो. चार आवारे मिळाली तर वार वाटून घ्यावेत. आमच्या मते या धंद्यात 'फिरता' म्हणजे ठरलेल्या चार ठिकाणी फिरणारा. वाटेल तिथे गाडी थांबवून रस्त्यावर चिखल करणारा नव्हे.

उधारी होणारच. मालक महिन्याने पैसे देतात. म्हणून वहीत रोज तारीख, गाडीचा नंबर, काम आणि रक्कम लिहावी, ड्रायव्हरची सही घ्यावी. नंबर लिहिताना अक्षरेही लिहा. एम.एच. ०६ म्हणजे आपला रायगड, ४६ म्हणजे पनवेल, जी.जे. म्हणजे गुजरात, के.ए. म्हणजे कर्नाटक. वही घरातल्या बाईच्या हाती असावी. बचत गटाचा हिशेब ज्या ठेवतात त्यांना हे अवघड नाही, आणि त्या उधारी विसरत नाहीत.

कर्ज काढायचे तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. ती २०१५ साली सुरू झाली. तिला तारण लागत नाही. ५०,००० रुपयांपर्यंत 'शिशु', त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर'. धंद्याची 'उद्यम' नोंदणी सरकार फुकट करते, तिला फी नाही. कोऱ्या कागदावर सही मागणारा कोणीही असो, त्याला नमस्कार करून उठावे. तो विद्यार्थी असाच एका ठिकाणाहून उठून आला. त्याला उशीर झाला, पण टेंपो सुटला नाही.

वर्षाचे दिवसही पाहून ठेवा. गणपतीच्या सुमारास अवजड गाड्यांना या रस्त्यावर बंदी घालतात. ते दिवस कोरडे जातात, तेव्हा पंपाची दुरुस्ती काढावी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र प्रत्येकाला गाडी धुऊन हवी असते, झेंडूची माळ घालायची असते. त्या दिवशी जादा माणूस ठेवा आणि पाणी आधी सांगून ठेवा.

आता ज्यांना माप घ्यायचे शिकायचे आहे, त्यांनी उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या नळावर यावे. येताना पंधरा लिटरची बादली, पाटी आणि घड्याळ आणावे. भरलेले पाणी शाळेच्या झाडांना घालू.