प्रभात चित्रपटगृह : एकाचे घर, अनेकांची आठवण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा व्याख्यानमालेत एखाद्या संतावर, ग्रंथावर अथवा इतिहासपुरुषावर बोलण्याचा प्रघात आहे. कार्यवाहांनी मला विषय विचारला आणि मी ‘पुण्यातील एक चित्रपटगृह’ असे उत्तर दिले, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग सौजन्याने म्हणाले, “विषय हलका नाही ना होणार?” तो हलका नाही, आणि आपल्या इंदूरला परका तर मुळीच नाही, एवढे दाखवता आले तरी माझे काम झाले असे मी समजेन.

किबे हे नाव या सभागृहात कोणाला सांगावे लागणार नाही. किबे कंपाउंडवरून आपण रोज ये-जा करतो. १९२६ साली मुंबईस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सरदार माधवराव किबे यांनी भूषविले होते, हेही येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. होळकर दरबारातील याच सरदार घराण्याने पुण्यात, अप्पा बळवंत चौकाजवळ, १९३४ साली एक चित्रपटगृह उभारले. तेच पुढे ‘प्रभात’ या नावाने प्रसिद्धीस आले. वास्तू इंदूरकरांची, नाव कोल्हापुरात जन्मलेल्या कंपनीचे आणि प्रेक्षक पुणेकर, असा हा संगम होता.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ साली ती पुण्यास आली. शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर तिचे कलागृह उभे राहिले आणि ऐन वस्तीत तिच्या नावाचे चित्रपटगृह आले. चित्रपट जेथे निर्माण होतो त्याच गावात, काही मैलांच्या आत, सामान्य माणसाने तो चार आण्यांत पाहावा, हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही नावे आज आपण अभ्यासक्रमात वाचतो. ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. आमच्या आजीला व्हेनिस कोठे आहे हे माहीत नव्हते. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की ती बसल्या जागी हात जोडी, एवढे मात्र ती अखेरपर्यंत सांगत असे.

माझे बालपण बुधवार पेठेत, तांबडी जोगेश्वरीच्या परिसरातील एका वाड्यात गेले. आम्हा मुलांच्या लेखी प्रभात हे वाड्याचेच एक वाढीव दालन होते. शुक्रवारी फलकावरचे चित्र बदलले की त्याची वार्ता शाळा सुटण्यापूर्वी आमच्यापर्यंत पोहोचत असे. बाहेर गाण्यांच्या पुस्तिका मिळत. त्यांत कथासार अर्धेच देऊन ‘पुढील भाग पडद्यावर पाहा’ असे छापलेले असे. ज्यांच्याजवळ तिकिटाचे पैसे नसत ते तेवढ्यावर उरलेली कथा स्वतः रचीत. डोअरकीपरच्या हातातील बॅटरीचा प्रकाश पायांपुढे पडला की अंधारातही आपली खुर्ची आपल्याला ओळखते, असे वाटे.

यंत्रघरात डोकावण्याचा योग मला एकदाच आला. त्या काळी हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. म्हणून यंत्रे दोन असत. एकावरचे रीळ संपण्याच्या क्षणी दुसरे सुरू करावयाचे आणि सांधा प्रेक्षकाला कळू द्यावयाचा नाही. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधली ज्योत. कांड्या जळत जात, त्यांतील अंतर हाताने राखावे लागे. जरा दुर्लक्ष झाले की पडदा काळवंडे आणि खालून शिट्ट्या येत. घामाने निथळलेला तो चालक मला म्हणाला होता, “बाळ, मी इतकी वर्षं सिनेमा दाखवतोय, पण अजून एकही धड बघितलेला नाही.” आपल्या संस्थांमधल्या कित्येक कार्यकर्त्यांची हीच कथा आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

आता जिच्यासाठी मी हा विषय निवडला, ती आठवण सांगतो. माझी आत्या चौदाव्या वर्षी एका बिजवराला दिलेली. नवरा तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठा, आणि घरात तिच्याच वयाचा सावत्र मुलगा. मी तिला पाहिले ते विधवा होऊन माहेरी परतल्यावरच. ती फारसे बोलत नसे. १९६२ च्या सुमारास ‘कुंकू’ पुन्हा लागला होता. घरातून बाईने एकटीने जाण्याची रीत नव्हती, म्हणून सोबतीला बारा वर्षांचा मी. शांता आपटे यांनी रंगविलेली नीरा वृद्ध वराशी झालेला विवाह मान्यच करीत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. मध्यंतरात मी शेंगदाण्यांच्या पुडीसाठी हट्ट धरला. आत्याने काही न बोलता पैसे दिले आणि स्वतः खुर्चीवरून उठली नाही.

परतताना जोगेश्वरीच्या देवळापाशी ती थांबली. देवीला हात जोडले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “असं ‘नाही’ म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे.” मला त्याचा अर्थ कळला नाही. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी तिने शिवणकामाच्या वर्गात नाव घातले. वडिलांनी विरोध केला. तिने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर्गाला गेली. पुढे तिच्याच शिलाईच्या पैशांतून माझे महाविद्यालयीन शुल्क भरले गेले आणि त्या शिक्षणाच्या बळावर मी नोकरीनिमित्त इंदूरला आलो. एका चित्रपटामुळे हे सारे घडले, असा दावा मी करणार नाही. पण तिला तो शब्द ऐकू आला तो त्या अंधारात, अनोळखी बायकांच्या रांगेत बसून. घरात कोणी तो उच्चारला नसता.

प्रभात कंपनी १९५३ च्या सुमारास मिटली. तिच्या जागेत १९६० साली केंद्र सरकारची चित्रपट संस्था सुरू झाली. चित्रपटगृह मात्र पुढेही चालू राहिले आणि मराठी चित्रपटाचे हक्काचे घर बनले. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’साठी खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांच्या रांगांचे वर्णन माझी वहिनी पत्रातून करीत असे. त्यानंतर काळ पालटला. घरोघरी दूरदर्शनसंच आले, फितीची जागा संगणकीय प्रतींनी घेतली, आणि एकाच छताखाली चार-चार पडदे असलेली चित्रपटगृहे निघाली. २०१४ च्या अखेरीस प्रभातचा भाडेपट्टा संपला, वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि पुढे तीच ‘किबे लक्ष्मी’ या नावाने पुन्हा उघडली.

त्या दिवसांत पुण्याचे एक नातेवाईक मला दूरध्वनीवर रागाने म्हणाले, “तुमच्या इंदूरकरांनी आमचं प्रभात नेलं!” मी हसलो, पण ते वाक्य मनातून जाईना. विचाराअंती मला वाटले, येथे खलनायक कोणीच नाही. ज्याची वास्तू त्याने ती मुदत संपल्यावर परत घेतली. उलट वास्तू उभी राहिली, तीही चित्रपटगृह म्हणूनच, हे मोठेच म्हणावयाचे. मंडईजवळची आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहे आठवा. त्यांच्या जागी आज वाहनतळ आहेत. जुना पुणेकर अजूनही “गाडी आर्यनला लावली” असे म्हणतो, आणि त्याचा नातू आर्यन हे वाहनतळाचेच नाव समजतो.

खरा प्रश्न मी स्वतःला विचारला, तो असा : प्रभात बंद होणार म्हणून शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम पुण्यास गेलो, दारात उभा राहून डोळे पुसले. पण त्याआधी तेथे तिकीट काढून मी आत केव्हा बसलो होतो? हिशेब केला तेव्हा सव्वीस वर्षे भरली. त्या गर्दीत माझ्यासारखे शेकड्यांनी होते. आम्ही साऱ्यांनी शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत वर्षाकाठी एक-एक तिकीट काढले असते तर निकाल बदलला असता असे नाही, पण शोक करण्याचा आमचा अधिकार अधिक खरा ठरला असता.

मित्रहो, हे मी येथे का सांगतो आहे? आपल्या या सभागृहाला पन्नास वर्षे होत आहेत. आरंभीच्या काळात येथे रविवारी सोळा मिलिमीटरच्या यंत्रावर मराठी चित्रपट दाखविले जात. रिळांच्या पेट्या रेल्वेने येत, आणि त्या आणावयास स्थानकावर जाणारे दोघे कार्यकर्ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्या खेळांना येणाऱ्या गृहिणींपैकी कोणाच्या कानी येथे कोणता शब्द पडला असेल, याची नोंद आपल्या दप्तरात नाही आणि असणारही नाही. सभागृह पाडून त्या जागी दुकाने काढावीत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. मंडळाला पैशाची निकड आहे हे मी जाणतो, आणि जमाखर्च सांभाळणाऱ्यांना दूषण देणे सोपे असते म्हणूनच ते मी देणार नाही. माझी विनंती सभासदांना आहे. निर्णय होण्यापूर्वी वर्षभर तरी आपण येथे येऊन बसू या. महिन्यातून एक चित्रपट, एक व्याख्यान, एक गाणे. आणि प्रत्येकाने एका तरुण मुलामुलीला सोबत आणावयाचे. एवढे करूनही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर सभागृह पाडण्याच्या ठरावाला पहिला हात मी वर करीन.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिच्या पेटीत आम्हाला ‘कुंकू’ची गाण्यांची पुस्तिका सापडली. तिच्यातही कथासार अर्धेच होते. खाली, जेथे ‘पुढील भाग पडद्यावर पाहा’ असे छापले होते, तेथे तिने पेन्सिलीने शिवणवर्गात नाव घातल्याची तारीख लिहून ठेवली होती.