दोघांचा मळा, अनेकांचे हात



कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की त्याचा विषय ठरलेला असतो, अशी आपली समजूत आहे. महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नवे कामगार कायदे, यांपैकी काहीतरी तो बोलणार. त्यामुळे अमेरिकेतल्या एका जोडप्याने द्राक्षमद्याचा व्यवसाय कसा उभा केला हा विषय आम्ही कळवला, तेव्हा चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्त होती. आम्ही स्वतः मद्य घेत नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्याकडे वळणारी पावले घराकडे वळवण्यातच आमच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली आहेत. तेव्हा मद्याची स्तुती ऐकायला कोणी आले असेल, तर त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो. आमचे लक्ष पेल्याकडे नाही, वेलीकडे आहे, आणि वेलीपाशी राबणाऱ्या हातांकडे आहे.

आम्ही नाशिककडचे. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षमद्याला उत्तेजन देणारे धोरण आणले, आणि जिथे खाण्याची द्राक्षे पिकत होती तिथे वाइनरी उभ्या राहू लागल्या. अशा प्रत्येक व्यवसायाची एक कथा सांगितली जाते. एका धाडसी माणसाने, नाहीतर एका जोडप्याने स्वप्न पाहिले, लोक हसले, पुढे जग जिंकले. ही कथा खोटी नसते. पण युनियनच्या कचेरीत बसून आम्हांला एक खोड लागली आहे. कुणी म्हणाले, "अमक्याने हे उभे केले", की आम्ही विचारतो, "आणखी कोण कोण होते?" आमचे शालेय शिक्षण बेताचे. पुढचे जे काही शिक्षण झाले ते ह्या एका प्रश्नाने झाले. आज हाच प्रश्न आम्ही ओरेगनच्या एका मळ्याला विचारणार आहोत.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस ओरेगन राज्य आहे. तिथे विलामेट नावाच्या नदीचे खोरे आहे. हिवाळाभर पाऊस, उन्हाळा सौम्य. एकेकाळी तिथल्या टेकड्यांवर प्लमच्या बागा होत्या, अक्रोड नि हेझलनट होते, आणि खाली टर्की पक्ष्यांचे संगोपन चाले. शेतकरी माणसे, छोटी गावे, एकमेकांना नावाने ओळखणारी. शेजारचे न्यूबर्ग हे गाव तर क्वेकर पंथीयांनी वसवलेले, आणि मद्य वर्ज्य मानण्याची त्या पंथात मोठी परंपरा. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी तिथे भयंकर वादळ झाले आणि बागाच्या बागा आडव्या झाल्या. अनेकांनी पुन्हा झाडे लावलीच नाहीत.

अशा मुलखात डेव्हिड लेट नावाचा तरुण आला. मूळ शिक्षण तत्त्वज्ञानाचे, पुढे दंतवैद्य व्हायचे ठरलेले. पण कॅलिफोर्नियात एक द्राक्षमळा पाहिला आणि दातांचा नाद सुटला. त्याने डेव्हिस येथील विद्यापीठात द्राक्षशास्त्र शिकून घेतले आणि काही महिने युरोपातले मळे हिंडून पाहिले. त्याच्या मनात पिनो न्वार ही फ्रान्समधल्या बर्गंडीची काळी द्राक्षे भरली होती. ही जात मोठी नाजूक. साल पातळ, घड लहान आणि घट्ट, उन्हाने करपणारी, पावसाने कुजणारी. उष्ण हवेत ती भराभर पिकते, साखर भरते, पण सुगंध तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून ही द्राक्षे कॅलिफोर्नियाच्या उन्हात लावण्यापेक्षा, जिथे ती हंगाम सरता सरता जेमतेम पिकतील अशा थंड जागी लावावीत, असा त्याचा हिशेब होता. जाणत्यांनी त्याला वेड्यात काढले. ओरेगन म्हणजे थंडी नि पाऊस, तिथे द्राक्षे कसली होणार?

१९६५ च्या फेब्रुवारीत सुमारे ३,००० काड्या घेऊन लेट ओरेगनात पोचला. भाड्याच्या तुकड्यावर त्याने त्या काड्या रुजवल्या. पोटासाठी महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके विकत फिरू लागला. १९६६ साली त्याचे डायानाशी लग्न झाले. डंडीच्या टेकड्यांवर तांबड्या ज्वालामुखी मातीची वीस एकर जमीन घेतलेली होती. लग्नानंतर लोक सहलीला जातात, ह्या जोडप्याने ते दिवस रुजलेली रोपे नव्या जमिनीत लावण्यात घालवले. मळ्याच्या माथ्यावरच्या झाडात ससाण्यांचे घरटे होते, म्हणून मळ्याचे नाव ठेवले 'आयरी', म्हणजे शिकारी पक्ष्याचे उंचावरचे घरटे.

वेल लावली म्हणजे मद्य तयार झाले असे नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. चार वर्षे खर्चच खर्च. १९७० साली पहिले पीक हाती आले. नवा कारखाना बांधायला पैसा नव्हता. मॅकमिनव्हिल गावात टर्की पक्षी कापून साफ करण्याची एक जुनी इमारत रिकामी होती, तिथेच ह्यांनी पिंपे मांडली. त्या पहिल्या पिनो न्वारचा रंग इतका फिका उतरला, की जातीचे नाव न देता लेटने ते 'ओरेगन स्प्रिंग वाइन' म्हणून विकले. माल मनासारखा झाला नाही तर त्यावर मोठे नाव छापू नये, ही कारागिराची अब्रू झाली. आमच्या जुन्या यंत्रकामगारांत ती होती.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच मळ्यातले १९७५ च्या हंगामाचे मद्य १९७९ साली पॅरिसच्या स्पर्धेत पहिल्या दहांत आले. बर्गंडीतले नामवंत व्यापारी रोबेर द्रुएँ यांनी १९८० साली बोनमध्ये फेरस्पर्धा घेतली, तर ओरेगनचे मद्य दुसरे आले, आणि तेही द्रुएँच्याच १९५९ च्या मद्याच्या अवघे दोन दशांश गुण मागे. १९८७ साली ह्याच द्रुएँ घराण्याने डंडीच्या टेकडीवर जमीन घेतली.

आता आमचा प्रश्न. आणखी कोण कोण होते?

पहिले नाव घरातलेच. डेव्हिड लेटला लोक कौतुकाने 'पापा पिनो' म्हणत. तो २००८ साली वारला, तेव्हाही ह्याच नावाने त्याचे स्मरण झाले. रोपे दोघांनी लावली आणि पदवी एकट्याला मिळाली. आमच्याकडे सातबाऱ्यावर बापयाचे नाव आणि बागेत बाईचे हात, हे आपण पाहतोच. ही चाल सातासमुद्रापलीकडेही चालते, एवढेच सांगायचे.

दुसरी नावे शेजाऱ्यांची. लेट दांपत्यापाठोपाठ आणखी जोडपी तिथे आली. डिक आणि नॅन्सी पॉन्झी, बिल आणि सुझन सोकोल ब्लॉसर, डेव्हिड आणि जिनी अ‍ॅडल्सहाइम. ह्यांपैकी बहुतेकांना पिढीजात शेती नव्हती, आणि त्या खोऱ्यातले अनुभवाचे पुस्तक कोणी लिहिलेले नव्हते. ते त्यांनी मिळून लिहिले. धंद्याच्या नियमाप्रमाणे ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी. पण फसलेला प्रयोग लपवून ठेवला तर शेजारीही त्याच खड्ड्यात पडतो आणि साऱ्या खोऱ्याचे नाव बुडते, हे त्यांना उमगले. १९८० च्या सुमारास ओरेगन नि कॅलिफोर्नियातील मद्यकारांनी एक परिषद सुरू केली. तिथे आपले उत्तम मद्य मिरवायचे नाही, बिघडलेले घेऊन यायचे आणि चूक कुठे झाली ते सर्वांनी मिळून शोधायचे.

१९७३ साली ओरेगनने जमीनवापराचा कायदा केला. टेकडीची जमीन शेतीला निरुपयोगी, तेव्हा ती बंगल्यांना द्यावी, असा सूर होता. ह्या मूठभर मळेवाल्यांनी नकाशे घेऊन अधिकाऱ्यांना पटवले, की द्राक्षाला टेकडीचा उतारच हवा. १९७७ साली तर त्यांनी स्वतःवरच कडक नियम लादून घेतले. बाटलीवर जातीचे नाव घालायचे तर आत नव्वद टक्के तीच द्राक्षे हवीत. काबर्ने सोव्हिन्याँपुरती काय ती सवलत. शिवाय 'बर्गंडी', 'शाब्ली' अशी परक्या मुलखाची नावे आपल्या मालावर छापायची नाहीत. मालक मंडळी एकत्र येऊन स्वतःलाच शिस्त लावून घेतात, हे दृश्य आम्हांला फारसे पाहायला मिळत नाही. म्हणून त्याची मुद्दाम नोंद करतो.

मळा थोडका होता तोवर तोडणीला मित्रमंडळी पुरली. वाढल्यावर पुरेनात. मग आली तिसरी नावे, जी कुठेच लिहिलेली नसतात. मेक्सिकोतून आलेले मजूर. हिवाळ्यात पावसात उभे राहून छाटणी, उन्हाळ्यात पाने विरळ करणे, सप्टेंबर–ऑक्टोबरात पाऊस गाठायच्या आत तोडणी. पिनो न्वारचा घड दाबला की फुटतो, म्हणून चांगला मळेवाला तो हातानेच तोडवतो.

इथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या १९६५ साली लेटने काड्या रुजवल्या, त्याच वर्षी ८ सप्टेंबरला कॅलिफोर्नियातल्या डिलेनो गावी फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप पुकारला. आठवडाभरात सीझर चावेझ यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. तो लढा पाच वर्षे चालला. देशभर लोकांनी द्राक्षे खाणे सोडले, आणि जुलै १९७० मध्ये डिलेनोच्या बागाईतदारांनी करारावर सह्या केल्या. म्हणजे ज्या वर्षी आयरीचे पहिले पीक पिंपात पडले, त्याच वर्षी द्राक्षमजुराच्या हातात पहिल्यांदा मोठा करार पडला. हे दोन इतिहास एकाच फळाचे आहेत. पण वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिले जातात.

ओरेगनच्या मळेवाल्यांना ह्याचे भान अगदीच नव्हते असे नाही. १९९१ साली नॅन्सी पॉन्झी आणि इतर मद्यकारांनी स्थानिक डॉक्टरांच्या साहाय्याने 'सालूद' नावाचा उपक्रम सुरू केला. सालूद म्हणजे स्पॅनिशमध्ये आरोग्य. पेला उंचावतानाही हाच शब्द म्हणतात. दरवर्षी निवडक मद्याचा लिलाव करायचा आणि त्या पैशातून हंगामी मजूर नि त्यांच्या कुटुंबांना औषधोपचार पुरवायचा. फिरता दवाखाना मळ्यावर जातो, रक्तदाब, मधुमेह, डोळे, दात तपासतो. आम्ही ह्या कामाला मनापासून नमस्कार करतो. मजुराला आपल्या गावात धरणारे पहिले पाऊल ते होते.

पण पाऊल पहिलेच. लिलाव चांगला झाला तर दवाखाना चांगला चालणार. दानाचा आकडा देणाऱ्याच्या मनावर, हक्काचा आकडा कागदावर. अमेरिकेत संघटनेचा हक्क देणारा १९३५ चा कायदा शेतमजुराला लागूच नाही. ओरेगनमध्ये शेतमजुराला जादा कामाचा जादा दर मिळवून देणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि तोही टप्प्याटप्प्याने अंमलात यायचा. उन्हापासून संरक्षणाचे नियमही त्याच वर्षीचे. मळा ते कायदा हे अंतर छप्पन्न वर्षांचे पडले.

श्रोतेहो, आता घराकडे वळू. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. त्या वेळी सुरगाणा, पेठकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या दिंडोरी, निफाडकडे उतरतात. काम एकरी उक्ते, बोलणी मुकादमाशी. आज ह्याच्या बागेत, परवा त्याच्या. मालक विचारतो, "हे माझे कामगार कसे? चार दिवसांचे पाहुणे." आणि खरोखर, कोणत्याही एका मालकाच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. औषध फवारलेल्या बागेत तेच शिरतात, पाल ठोकून तेच राहतात, पोर शाळेबाहेर त्यांचेच राहते.

ह्या पेचाचे उत्तर परदेशातून आणायला नको. ते महाराष्ट्राने १९६९ सालीच काढून ठेवले आहे. माथाडी कामगाराचा मालकही रोज बदले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मालकाने मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार ह्यांची सोय मंडळाने बघायची. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे मिळू शकले, ते हातात कात्री धरणाऱ्याला का मिळू नये? द्राक्षबागांसाठी असे एक मंडळ नाशिक जिल्ह्यात व्हावे, ही आमची मागणी आहे, आणि ती आम्ही आज ह्या व्यासपीठावरून मांडतो.

ह्यात लहान बागाईतदाराशी भांडण नाही. गारपिटीने आणि अवकाळी पावसाने तोही मोडतो. एका शेतकऱ्याला जे ओझे पेलत नाही, ते साऱ्या खोऱ्यात वाटले की पेलते. ओरेगनच्या जोडप्यांनी एकमेकांची बिघडलेली पिंपे वाटून घेतली, म्हणून त्यांचे खोरे नावारूपाला आले. तोच धडा एक पायरी खाली, मजुरापर्यंत, न्यायचा आहे.

एकजुटीचे गाव म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याची मोजणी कुठपर्यंत करायची, एवढाच आमचा प्रश्न होता. वेशीच्या आतल्यांपर्यंत की पालात राहणाऱ्यांपर्यंत? लेट दांपत्याने मोठे काम केले, ह्यात शंका नाही. आपल्याकडेही अशी जोडपी आहेत, पुढेही निघतील, आणि त्यांना यश येवो असेच आम्ही म्हणू. मात्र त्यांनी मळ्याची पाटी रंगवण्याआधी एक वही घालावी, आणि त्या वहीत छाटणीला आलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव नि मजुरीचा दर लिहावा. उद्याचे मंडळ त्या वहीतूनच उभे राहील.