डेकवर भोक पाडण्याआधी

बऱ्याच जणांनी विचारलं, की आठवडाभर कोड लिहिणारा माणूस रविवारी बोटीला भोकं कसली पाडतो? तर आज तेच.

आम्ही तिघांनी मिळून एक जुनी जे-२४ घेतलीय. रॉड जॉनस्टन यांनी १९७०च्या दशकात डिझाइन केलेली, २४ फुटी, फायबरग्लासची शिडाची बोट. मुंबईत पावसाळ्यात अशा बोटी पाण्याबाहेर असतात. तेवढ्यात पुढचं क्लीट बदलायचं होतं. क्लीट म्हणजे दोर गुंडाळायची ती दोन शिंगांची धातूची खुंटी. बोट मूरिंगवर उभी असते ती हिच्याच जिवावर. रात्री वारा सुटला आणि ही उपटली, तर बोट थेट खडकावर.

आता गंमत अशी, की हे डेक भरीव नसतं. वर-खाली फायबरचे पापुद्रे, मध्ये बाल्सा. बाल्सा एकदम हलकं लाकूड, पण पाणी लागलं की कुजतं. आधी कुणीतरी बाथरूमचं सिलिकॉन थापून क्लीट बसवलं होतं. ते काढलं तर भोकातून चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा आला. आणि पाणी गळत कुठे होतं? चार फूट मागे, झोपायच्या फळीवर! (बग दिसतो तिथे नसतो, हे इथेही.)

मग मडकं वाजवून घेतात तसं स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेक वाजवलं. चांगल्या जागी टणटण, कुजलेल्या जागी भद्द. नशिबाने भोकांभोवती दोन-दोन बोटंच गेलं होतं. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून सगळा लगदा खरवडला. पावसाळी हवेत वाळायला जाम वेळ लागतो. बल्ब आणि टेबलफॅन लावून ठेवले.

खालून टेप चिकटवली. आधी पातळ इपॉक्सी, म्हणजे लाकूड ते पिऊन घेतं. मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं. इपॉक्सी थोडं-थोडंच कालवा. उकाड्यात कपभर एकदम कालवलं तर कपातच तापून दगड होतं.

घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टचं भोक. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची नळी आहे. कधी पाणी झिरपलंच, तरी बाल्सापर्यंत जात नाही. शिवाय नट आवळला तरी डेक चेपत नाही. माझ्या मते अख्ख्या कामात हीच पायरी महत्त्वाची, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

भोकाचं वरचं तोंड जरा तिरकं घासायचं, म्हणजे तिथे सीलंटची कडी बसते. आम्ही ब्यूटाइल टेप वापरली. उद्या क्लीट काढायचं झालं तर निघतं. कायमचं चिकटवणारं पॉलियुरेथेन लावलंत, तर क्लीटबरोबर डेकचा वरचा थरही उखडून येईल.

खालून नुसते वॉशर नकोत. जाड फायबरची पट्टी लावा, ताण पसरतो. आणि आवळताना वरून बोल्ट धरून ठेवायचा, फिरवायचा फक्त नट. बोल्ट फिरला की सील तुटलं. टेप हळूहळू दबते, म्हणून आम्ही तीन दिवस रोज थोडं-थोडं आवळलं.

काल पाइप लावून अर्धा तास पाणी मारलं. फळी कोरडी. पण विंचखालचं डेक अजून भद्द वाजतंय, आणि तिथे दोन बोटांवर भागणार नाही. त्याचं पुढच्या भागात. कुणी हे काम केलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा.