हरवलेला काळ, वाया गेलेला वेळ

कवितेचं भाषांतर अवघड, हे आपण नेहमी ऐकतो. पण कधी कधी कादंबरीचं नुसतं नावसुद्धा भाषांतरकाराला घाम फोडतं. आज अशाच एका नावाविषयी बोलू या.

फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांच्या सात खंडांच्या कादंबरीचा पहिला खंड १९१३ साली निघाला. कादंबरीचं नाव ‘आ ला रशेर्श द्यु तां पेर्द्यु’. सगळी मेख शेवटच्या दोन शब्दांत आहे. ‘तां’ म्हणजे काळ किंवा वेळ. ‘पेर्द्यु’ म्हणजे हरवलेला. पण वेळ वाया घालवणं यालाही फ्रेंचमध्ये हेच क्रियापद. म्हणजे निसटलेलं बालपण आणि मेजवान्यांत उधळलेली वर्षं, दोन्ही एका शब्दात मावतात. शेवटच्या खंडाचं नाव ‘ल तां रत्रुव्हे’, म्हणजे पुन्हा गवसलेला काळ. आरंभी हरवलेलं अखेरीस सापडतं, अशी ही जोडी.

स्कॉट मॉनक्रिफ यांनी पहिल्या खंडाचं इंग्रजी भाषांतर १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं. नाव दिलं ‘रिमेम्ब्रन्स ऑफ थिंग्ज पास्ट’. हे शब्द शेक्सपिअरच्या तिसाव्या सुनीतातले. इंग्रजी कानाला ते गोड लागले, ओळखीचेही वाटले. पण त्यात शोध उरला नाही, हरवणं उरलं नाही आणि वाया जाणंही उरलं नाही. शिवाय त्या सुनीतातला कवी आठवणींना मुद्दाम बोलावतो. प्रूस्त यांचं म्हणणं नेमकं उलट. चहात बुडवलेल्या केकच्या तुकड्याची चव जिभेवर येते आणि न बोलावता सारं बालपण उभं राहतं.

प्रूस्त तेव्हा अतिशय आजारी होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मॉनक्रिफ यांना पत्र लिहिलं. भाषांतराची तारीफ केली, पण नावातला मुद्दाम योजलेला दुहेरी अर्थ नाहीसा झाल्याची खंतही कळवली. १८ नोव्हेंबर १९२२ रोजी ते गेले. नाव मात्र तेच राहिलं.

मॉनक्रिफ यांना अरसिक म्हणता येणार नाही. दुसऱ्या खंडाच्या नावात फुललेल्या तरुणींची सावली आहे. इंग्रजीत ते विचित्र वाटेल म्हणून त्यांनी ‘विदिन अ बडिंग ग्रोव्ह’, म्हणजे कळ्या धरलेली राई, असं केलं. नाव सुरेख झालं, पण त्यातल्या मुली गेल्या! वाचकाच्या कानाची काळजी घ्यावी की लेखकाच्या अर्थाची, हा पेच त्यांनी बहुधा कानाच्या बाजूने सोडवला. त्यांच्या भाषांतरामुळेच प्रूस्त इंग्रजी घरांत पोचले, हेही खरं.

१९८१ मध्ये टेरेन्स किल्मार्टिन यांनी भाषांतर सुधारलं, पण नाव बदललं नाही. १९९२ मध्ये डी. जे. एनराइट यांच्या आवृत्तीत ते ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ झालं. लय थोडी कमी झाली, पण शोध परत आला. लेखकाची तक्रार दूर व्हायला सत्तर वर्षं लागली.

आपल्या मराठीत काय करता येईल? ‘हरवलेला काळ’ म्हटलं तर उधळपट्टी सुटते, ‘वाया गेलेला वेळ’ म्हटलं तर हुरहूर सुटते. ‘गमावलेला काळ’ यात दोन्हींची थोडी छटा येते. कारण आपण गमावतो तेव्हा थोडा दोष आपलाही असतो. याहून चांगला शब्द तुम्हाला सुचतो का, जरूर पाहा. एवढ्यासाठी घालवलेला वेळ वाया जाणार नाही.