पहिल्यांदा आलेली बाई काय बघते?

(पाली येथील महिला मेळाव्यातील भाषण)



साहेब लोक गट बघायला येणार म्हटलं की आपण रांगोळी काढतो, रजिस्टरं पूर्ण करतो, सतरंजी झटकतो. ते तासभर बसतात, चहा घेतात अन् बीडला परत जातात. त्यांची एवढी काळजी कशाला?

खरी पाहुणी वेगळीच. पहिल्यांदा बैठकीला आलेली आपलीच शेजारीण. ती दाराशी बसते, कुणी तिला पुढं बोलवत नाही. तिच्या कानावर पहिलं काय पडतं? "अमकी गैरहजर, दंड लिहा." नियमित बैठक हे पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र, ते बरोबरच आहे. पण दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी बाई मनात हिशेब करते: पाच-सहा महिन्यांचा दंड! गट माझ्यासाठी नाही, असं समजून ती उठते. पैशाची नड तर असतेच, मग पुन्हा मुकादमाची उचल.

बचत घरच्या माणसाच्या हातून भरता येईल, तसा ठराव गटानंच करायचा असतो, हे तिला कोण सांगणार?

म्हणून बैठकीनंतर दोन दिवसांत कुणीतरी तिच्या घरी जावं. अध्यक्षानं नको, तिच्यापुढं ती बोलायची नाही. विचारावं, "बाई, तुला काय कळलं, काय खटकलं?" अन् मधे न बोलता ऐकावं.

बाहेरगावी जाणाऱ्यांच्या बचतीचा ठराव मात्र टोळ्या निघायच्या आत घ्या.