यंत्राची स्मृती आणि पत्त्याचे आकडे

अहिल्यानगरला लागून असलेल्या आमच्या नागापूरचा पत्ता लिहिताना 'ग'चा काना राहिला, की कागदावर उरते ते नागपूर! नावांचे असे घोळ टाळावेत म्हणून टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू केला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, आणि संस्कृतचे कवीही. पिनकोडात आकडे सहा. म्हणजे फार तर दहा लाख क्रमांक. उद्या टपालकचेऱ्या त्याहून वाढल्या, तर इमारत असेल, पोस्टमास्तर असेल, पण स्वतंत्र क्रमांक मिळणार नाही.

संगणकाच्या स्मृतीचे, जिला दुकानदार 'रॅम' म्हणतो तिचे, असेच आहे. डिस्क म्हणजे सामान ठेवायचे कपाट. रॅम म्हणजे काम चालू असताना समोर पसरलेले मेज. त्यावर ओळीने क्रमांक घातलेली घरे असतात. एका घरात एक बाइट मावतो, म्हणजे एक इंग्रजी अक्षर. आपल्या लिपीतल्या एकेका चिन्हाला बहुधा तीन घरे लागतात आणि काना हेही वेगळे चिन्ह. तेव्हा 'नागापूर' एकवीस घरे अडवते!

यंत्राला आकडे दोनच ठाऊक, शून्य आणि एक. म्हणून पत्त्यात एक आकडा वाढवला की घरे दुप्पट होतात. दहा आकड्यांत १,०२४, अकरांत २,०४८. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ मध्ये त्याला 'टिफरॅक' नाव मिळाले. त्याच्या स्मृतीत बरोबर २,०४८ शब्द होते, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एका बिटाला एक चिमुकली चुंबकी कडी, म्हणजे ८१,९२० कड्या, आणि प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या. एवढे करून मावणार किती? सुमारे दहा हजार बाइट. आजच्या फोनमधला एक फोटोही त्यात बसायचा नाही.

आता शिक्षकबंधूंच्या कामाचे. एका शाळेने लोकवर्गणीतून जुन्या यंत्रासाठी आठ जीबी रॅम घेतली. यंत्र सुरू केले तर पडद्यावर वापरण्याजोगी स्मृती दिसली सव्वातीन जीबी! मुख्याध्यापकांना वाटले, दुकानदाराने फसवले. पट्ट्या चांगल्याच होत्या. यंत्रावरची विंडोज ३२ बिटांची होती. ३२ आकड्यांत पत्ते होतात ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, म्हणजे चार जीबी. आणि त्यांतले काही पडद्याच्या कार्डासारख्या जोडसामानासाठी राखलेले. बाकीची घरे बांधलेली, पण बिनपत्त्याची. प्रोसेसर ६४ बिटांचा असला, तर ६४ बिटांची विंडोज घातल्यावर ती घरे उघडतात. तोच ३२ बिटांचा असेल, तर मात्र वर्गणी वाया.

मग ६४ आकडे असले की वाटेल तेवढी रॅम घालता येते का? नाही. इतके पत्ते आज कोणतेही यंत्र भरू शकत नाही. प्रोसेसर बनवणारे सगळ्या आकड्यांच्या तारा बाहेर काढतही नाहीत. तेथे अडवते ती पाटी, म्हणजे मदरबोर्ड. तिच्यावर दोन किंवा चार खाचा. वीस का नाहीत? एकाच पाइपलाइनीवर फवारे वाढवत गेलो तर शेवटच्या फवाऱ्याला जोर उरतो का? तसेच एकाच तारांवर पट्ट्या वाढल्या, की सेकंदाला कोट्यवधी वेळा धावणारा संकेत पुसट होतो आणि एकाचे शून्य वाचले जाते.

खुद्द चिपमध्येही मर्यादा आहेच. तेथला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक सूक्ष्म माठ, आणि तोही पाझरणारा! साधारण ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. अधिक माठ बसवायचे तर ते लहान करावे लागतात; लहान माठात वीज थोडी, आणि भरलेला कोणता, रिकामा कोणता, हे ओळखणे कठीण. मला विचाराल तर खरी नैसर्गिक अडचण ही. पत्त्याचे आकडे माणसाने ठरवलेले आहेत, ते वाढवता येतात.

तेव्हा रॅम घेण्यापूर्वी पाटीचा क्रमांक लिहून घ्या आणि तिला जास्तीत जास्त किती जीबी चालते, ते बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात पाहा. डीडीआर-४ची पट्टी डीडीआर-३च्या जागेत बसत नाही. तिची खूण मुद्दामच थोडी सरकवलेली असते. बसली नाही तर जोर लावू नये.